ब्लू स्क्रीन आणि आमची दोनशे पानी वही

"बाबा, परत निळं झालं!" जानेवारीपासून मार्चपर्यंत हे वाक्य आमच्या घरात एक-दोन दिवसांआड ऐकू यायचं. लेक ॲनिमेशन शिकते. तिच्यासाठी घेतलेला गेमिंग लॅपटॉप कधी ब्लेंडरमध्ये रेंडर चालू असताना, कधी गेम रंगात आलेला असताना, तर कधी नुसतं गाणं लावलेलं असताना निळा व्हायचा आणि आपोआप रीस्टार्ट व्हायचा. मी कॉम्प्युटरवाला नाही, बँकेत नोकरी करतो. दोष शेवटी सापडला, पण त्यात तीन महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे अनुभवाचे बोल.

१. आधी बॅकअप, मग दुरुस्ती

लेकीचं चार दिवसांचं काम एका संध्याकाळी गेलं. फाइल सेव्ह होत असतानाच स्क्रीन निळी झाली आणि नंतर ती फाइल उघडलीच नाही. त्या पोरीचा रडवेला चेहरा मी विसरलेलो नाही. पहिल्या क्रॅशनंतर लगेच सगळं एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घ्या. बाकीचं सगळं नंतर.

२. कोड वाचा, फोटो काढा

पुढे जाण्यात धोका आहे असं विंडोजला कळतं, तेव्हा डेटा आणखी खराब होऊ नये म्हणून ते स्वतःहून थांबतं. ब्लू स्क्रीन म्हणजे हे थांबणं. अलीकडच्या विंडोज ११ मध्ये ती काळी दिसते, अर्थ तोच. त्यावर लिहिलेला स्टॉप कोड महत्त्वाचा. स्क्रीन झटकन निघून जात असेल तर सिस्टिमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त जाऊन 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'वरची खूण काढा. मग स्क्रीन तशीच राहते आणि मोबाइलवर निवांत फोटो काढता येतो.

३. नोंद ठेवा

दीड महिना आम्ही अंदाजच बांधत होतो. मग मी एक दोनशे पानी वही घेतली. पहिली नोंद अशी: '१७ फेब्रुवारी, रात्री ९.४०, ब्लेंडर, चार्जर लावलेला, मेमरी मॅनेजमेंट.' २३ दिवसांत ११ नोंदी झाल्या आणि त्यात चार वेगवेगळे कोड निघाले. इथेच दिशा मिळाली. दर वेळी तोच कोड आणि त्याच ड्रायव्हरचं नाव येत असेल, तर आधी त्या ड्रायव्हरकडे बघावं. कोड दर वेळी बदलत असेल, तर पहिला संशय रॅमवर घ्यावा.

४. डंप फाइल उघडा, पण पहिल्या नावावर विसंबू नका

प्रत्येक क्रॅशनंतर सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरमधल्या 'मिनीडंप'मध्ये सहसा एक छोटी फाइल तयार होते. मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजी या मोफत प्रोग्रॅममध्ये ती उघडता येते. आमच्याकडे एकदा ग्राफिक्स ड्रायव्हरचं नाव आलं, तर दोनदा खुद्द विंडोजच्या कर्नलचं. रॅममधला डेटा बिघडलेला असला, की तो वाचायला जो जातो त्याचंच नाव पुढे येतं. एका फाइलवरून निकाल देऊ नका, चार-पाच फाइली शेजारी ठेवून बघा.

५. एका वेळी एकच बदल

एका रविवारी मी ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला, बायोस अपडेट केलं, अँटिव्हायरस काढला आणि कूलिंग पॅडही आणलं. चार दिवस लॅपटॉप शांत राहिला, पाचव्या दिवशी परत तेच. कशाने काय झालं, हे कळायला मार्गच उरला नव्हता. सर्व्हिस सेंटरमध्ये नव्याने विंडोज टाकून दिलं, तरीही क्रॅश थांबले नाहीत. कोऱ्या विंडोजवरही स्क्रीन निळी होत असेल, तर दोष बहुधा हार्डवेअरमध्ये असतो, हे मात्र त्यातून पक्कं झालं.

६. रॅम रात्रभर तपासा

विंडोजच्या स्वतःच्या मेमरी टेस्टमध्ये काहीच सापडलं नव्हतं. म्हणून १२ मार्चच्या रात्री मेमटेस्ट ८६ पेन ड्राइव्हवर घेऊन लॅपटॉप त्यावरून सुरू केला. पहिली फेरी स्वच्छ गेली. पहाटे पाणी प्यायला उठलो तर दुसऱ्या फेरीत स्क्रीनवर लाल ओळींची रांग लागली होती. या टेस्टमध्ये एकही चूक चालत नाही.

मग लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला आणि खालचं झाकण उघडलं. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून आधी धातूला हात लावला, आत बॅटरीची वायर सोडवली. रॅमच्या दोन स्टिक होत्या: एक मूळची, दुसरी दिवाळीत दुकानातून बसवून घेतलेली. मूळची एकटी ठेवली तर टेस्ट स्वच्छ. नवी एकटी बसवली तर लाल ओळी. तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये तिरकी घालून दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् वाजेपर्यंत दाबली, तरी लाल ओळी आल्याच. म्हणजे स्लॉट चांगला, स्टिक खराब.

दिवाळीपासून जानेवारीपर्यंत काही झालं नाही, म्हणून आम्ही त्या स्टिकवर कधी संशयच घेतला नव्हता. जानेवारीत लेकीचे मोठे प्रोजेक्ट सुरू झाले, रॅम भरू लागली आणि खराब भाग वापरात आला.

७. दुकानात पुरावा घेऊन जा

वही, लाल ओळींचा फोटो आणि बिल घेऊन गेलो. दुकानदारांनी दहा मिनिटांत स्टिक बदलून दिली. नुसतं 'लॅपटॉप सारखा बंद पडतो' म्हणालो असतो, तर पुन्हा विंडोजच टाकून मिळालं असतं. रॅमला बहुधा बऱ्याच वर्षांची वॉरंटी असते, तेव्हा बिल जपून ठेवा.

वही अजून लॅपटॉपच्या बॅगेत आहे. ११ मार्चनंतर तिच्यात एकही नोंद झालेली नाही.