मंडळीचा कारभार व सेवेची वाटणी

वाचनाचे भाग : प्रेषितांची कृत्ये ६:१–७, निर्गम १८:१३–२६, २ करिंथ ८:१६–२१, १ पेत्र ५:१–४.

मुख्य शिक्षण : सेवेची वाटणी केल्याने पाळकाचा मान कमी होत नाही, मंडळीचे बळ मात्र वाढते.

मंडळी प्रभूची आहे. ती पाळकाची नव्हे आणि पंचांचीही नव्हे. हे आपण सर्व तोंडाने कबूल करितो. परंतु दानपेटीची किल्ली, बाप्तिस्म्यांची वही व प्रार्थनामंदिराचे कागद ही सर्व एकाच घरच्या पेटीत राहत असतील, तर तोंडाची कबुली व हाताची कृती ह्यांचा मेळ बसत नाही. तो गृहस्थ कितीही प्रामाणिक असो; तो आजारी पडला, त्याची बदली झाली किंवा तो प्रभूकडे गेला, म्हणजे मंडळी आंधळ्यासारखी चाचपडू लागते.

ही रीत कोठून आली हे समजून घ्यावे. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव व धुळे ह्या नावांनी ओळखले जाऊ लागले. धुळ्यातून १९९८ साली नंदुरबार वेगळा निघाला. ह्या मुलखात अलायन्स मिशनांनी सुवार्तेचे काम केले. त्या काळी मिशनरीसाहेब उपदेशकास नेमीत, पगार देत व हिशेब पाहत. उपदेशक साहेबास जबाब देई. मंडळीस जबाब देण्याचा प्रसंग त्यास क्वचितच येई. पुढे साहेब गेले; जबाब मागणारा राहिला नाही, परंतु एकहाती कारभाराची सवय मात्र राहिली.

ह्यात पालट व्हावा हा विचार नवा नाही. अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, अमेरिकन मराठी मिशनची पहिली मंडळी १८३३ साली स्थापन झाली. १८५४ साली हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक ह्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. त्याच सुमारास अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन ह्या देशी आले होते. मंडळीने आपला खर्च आपण चालवावा, आपला कारभार आपण करावा व सुवार्ता आपण पसरवावी, असे त्यांचे व इंग्लंडातील हेन्री व्हेन ह्यांचे सांगणे होते. पहिल्या व तिसऱ्या गोष्टीविषयी आपण पुष्कळ ऐकिले आहे. दुसऱ्या गोष्टीचा विचार आज करू.

१. कुरकुर ऐकून घ्यावी. यरुशलेमच्या मंडळीत संख्या वाढताच तक्रार उठली. ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांस रोजच्या वाटणीत डावलले जाते, असे ते म्हणू लागले. प्रेषितांनी त्यांस बंडखोर म्हटले नाही, अथवा प्रार्थना करा व गप्प बसा असेही सांगितले नाही. त्यांनी सर्व शिष्यांस बोलाविले, सात जण निवडण्यास सांगितले, व निवडलेल्यांवर हात ठेवून प्रार्थना केली. निवड मंडळीची, नेमणूक प्रेषितांची, हा क्रम ध्यानात ठेवावा.

त्या सातांची नावे लक्षपूर्वक वाचा. स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना व निकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. ह्यावरून असे दिसते की, ज्यांची तक्रार होती त्यांच्यांतलीच माणसे मंडळीने पुष्कळशी निवडली व वाटणीचे काम त्यांच्या हाती विश्वासाने दिले. आमच्या गावांतून काय होते? एका भाऊबंदकीचे तीन पंच, दुसरीचा एकही नाही. मग धाकटी वस्ती उपासनेस येईनाशी होते, आणि आम्ही म्हणतो की त्यांचा विश्वास थंडावला. विश्वास थंडावला असेल. पण त्यापूर्वी न्याय थंडावला होता.

ह्या वाटणीचे फळ सातव्या वचनात आहे. देवाचे वचन पसरले, शिष्य वाढले व पुष्कळ याजकही विश्वास धरू लागले. म्हणजे कारभार नीट झाला तेव्हा सुवार्तेसही वाट मोकळी झाली.

२. भार वाटावा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करीत बसे. त्याच्या सासऱ्याने त्यास सांगितले की अशाने तू थकशील व लोकही थकतील. त्याने हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर माणसे नेमविली. कठीण प्रकरणे तेवढी मोशेकडे राहिली. मोशेने अपमान मानिला नाही. उपदेशक बंधूंनो, तुम्ही वचन शिकवा, आजाऱ्यांस भेटा, मुलांस धडा द्या. दिवाबत्ती, कौले व हिशेब ह्यांसाठी प्रभूने मंडळीत दुसरे हात दिले आहेत.

३. पैशाविषयी दोघे तिघे असावेत. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमविली. तथापि ती एकट्याने नेली नाही. तीतासंगे त्याने आणखी दोघे बंधू पाठविले, आणि त्यांपैकी एकास मंडळ्यांनीच निवडले होते. आपले वर्तन प्रभूपुढेच नव्हे, तर माणसांपुढेही निर्दोष दिसावे, ही त्याची काळजी होती. ज्याच्या प्रामाणिकपणाविषयी संशय नव्हता त्या प्रेषितास साक्षीदार हवे होते. मग आम्हांस नकोत काय?

४. माणसे पारखून घ्यावीत. १ तीमथ्य ३ ह्यात घर नीट चालविणारा, द्रव्यलोभ नसलेला, नुकताच विश्वासात न आलेला, अशी लक्षणे दिली आहेत. जमीन किती, शिक्षण किती, हे विचारलेले नाही. रोम १६:१ ह्यात किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिचे नाव आहे. ज्या बहिणी घरोघर मूठभर धान्य गोळा करितात, त्यांस पंचांत जागा का नसावी?

आता आपल्या गावाविषयी. पुढील गोष्टी लहान मंडळीसही करिता येतील.

दान उपासनेनंतर तेथेच दोघांनी मोजावे व वहीत दोघांनी सही अथवा अंगठा करावा. पेटीची किल्ली एकाकडे व वही दुसऱ्याकडे असावी. पंचांची मुदत ठरवावी. मुदत संपताच तो मंडळीपुढे पुन्हा उभा राहील अथवा दुसऱ्यास जागा देईल. वार्षिक सभा उसतोडीस गेलेली कुटुंबे परत आल्यावर, आखाजीच्या सुमारास, पावसापूर्वी भरवावी. अर्धी मंडळी कारखान्यावर असता केलेली निवड ही निवड नव्हे. ३१ मार्चला वर्षाचा हिशेब पुरा होतो. तोही त्याच सभेत मोठ्याने वाचून दाखवावा, आणि ज्यांस वाचता येत नाही त्यांस अहिराणीत किंवा त्यांच्या बोलीत समजावून सांगावा.

मंडळीची जागा विश्वस्त संस्थेच्या नावे असेल, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे विश्वस्त बदलल्याची खबर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत द्यावी लागते. ती न दिल्यास जुनीच नावे दप्तरी राहतात व जागेविषयी तंट्यास वाव मिळतो.

कोणी म्हणेल, हे सर्व जगाच्या रीतीचे आहे. पेत्र ह्यास उत्तर देतो. वडिलांनी कळपावर धनीपण करू नये, तर कित्ता व्हावे. कारण मुख्य मेंढपाळ दुसराच आहे व तो प्रगट होणार आहे. ज्यास त्याला हिशेब द्यावयाचा आहे, त्याने मंडळीस हिशेब देण्यास भिऊ नये.

विचार करण्यासाठी प्रश्न :

१. आपल्या मंडळीत कोणाची कुरकुर आजवर ऐकून घेतली गेली नाही?
२. उपदेशकाच्या माथी असलेली कोणती तीन कामे दुसऱ्यांस देता येतील?
३. मागील वर्षाचा हिशेब मंडळीपुढे केव्हा वाचला गेला?
४. पंचांत कोणत्या वस्तीचे, कोणत्या कुळाचे व किती बहिणींचे प्रतिनिधी आहेत?