श्रद्धेचा हात आणि भिंतीची भेग



अजिंठ्याला सहल निघाली की आपण मेणबत्त्या, उदबत्त्या, फुले बांधून घेतो. घरातली वृद्ध माणसे लेण्याच्या भिंतीला हात लावून तो डोळ्यांना लावतात. हे प्रेम खोटे नाही. वाशीमच्या माणसाला तर ते अधिकच वाटावे. आपले वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. येथील हरिषेण राजाचा अमात्य वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात सोळावे लेणे भिक्खुसंघाला दान दिले. तसा शिलालेखच तेथे आहे. पण हे लेणे कशाने झिजते, हे आपण कधी विचारतो काय?

अजिंठ्याची चित्रे थेट दगडावर काढलेली नाहीत. खडबडीत काळ्या दगडावर आधी मातीचा गिलावा दिला. त्यात भाताचे तूस, गवत, वनस्पतींचे तंतू कालविले. वर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग. म्हणजे आपल्या कुडाच्या घराचीच विद्या, कारागिरी तेवढी थोर. म्हणून रोगही ओळखीचेच. डोंगरावर पाऊस पडतो, खडकाच्या भेगांतून पाणी झिरपते, माती ओली होऊन दगडापासून सुटते. तंतू किडे खातात. वटवाघळांच्या घाणीने रंग खराब होतात. शेकडो माणसांच्या श्वासाची वाफ भिंतीवर बसते. त्यात आपली मेणबत्तीची काजळी.

आता उपचाराची गोष्ट ऐका. १९२० साली निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ बोलाविले. सुटत चाललेले पापुद्रे त्यांनी जागेवर बसविले, हे उपकारच. पण चित्रांवर लाखेचे रोगणही चढविले. पुढे ते पिवळे पडले, धूळ धरू लागले, आणि ते उतरविण्याचे काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना वर्षानुवर्षे करावे लागले. तेथे हेतू चांगला होता, हातही कुशल होते. जुन्या मूर्तीला ऑइलपेंट फासणाऱ्या आपल्या उत्साही मंडळींजवळ तर तेही नसते. (येथे मी राग आवरतो.) संरक्षित स्मारकाला असा हात लावणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे, २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

कोणी म्हणेल, सर्व काही अनित्य आहे, मग पडो की लेणे! बंधूंनो, अनित्यतेचा असा अर्थ काढणे म्हणजे आळसाला धम्माचे नाव देणे होय. तथागतांनी दुःख सांगून थांबविले नाही, कारणही शोधावयास सांगितले.

कारण शोधण्याची सुरुवात डोळ्यांनी होते. भेग दिसली की आधी तिचे वय पाहावे. कडा बोथट, आत धूळ आणि कोळ्याचे जाळे, तर ती जुनी. कडा धारदार आणि आतला रंग ताजा, तर नवी. अभियंते भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवितात. पट्टी तडकली की भेग अजून वाढते आहे असे समजतात. गावच्या विहारात आपण भेगेच्या टोकाला पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा नंतर. आपल्याकडची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया हलविते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली, किंवा दार एकाएकी घासू लागले, तर ते पायाचेच दुखणे असण्याचा संभव मोठा. भिंतीला लोणा आला तर वर सिमेंट थापू नका. ओल आतच कोंडते. पाणी कोठून येते ते आधी पाहा.

राहिला पिंपळ. पक्ष्याच्या विष्ठेतून तो जुन्या गढीच्या, बारवेच्या भिंतीत रुजतो. काल आपण मुंजाच्या भीतीने त्याला हात लावीत नव्हतो, आज बोधिवृक्ष म्हणून लावीत नाही. भिंतीला दोन्ही सारखेच! आपल्या विहाराच्या भिंतीत असा अंकुर दिसला, तर बोटाएवढा असतानाच मुळासकट काढावा आणि मोकळ्या जागी, भिंतीपासून चांगला दूर लावावा. संरक्षित वास्तूवर दिसला तर पुरातत्त्व खात्याच्या पहारेकऱ्याला सांगावे. मूळ मनगटाएवढे झाले असेल तर मात्र ओढू नका. कित्येकदा सुटलेले दगड त्याच मुळाने धरलेले असतात. जाणकार माणूस येईपर्यंत त्या भिंतीखाली मुलांना बसवू नका.