कायद्यातली गॅलिक आणि गावातली गॅलिक

भाषेला सरकारी दर्जा मिळाला की ती वाचते का? हा प्रश्न नीट समजून घ्यायला स्कॉटलंडच्या गॅलिक भाषेचं उदाहरण फार उपयोगी आहे. तिथे गेल्या वीस वर्षांत गॅलिकचा दर्जा वाढत गेला आणि त्याच काळात तिच्या हक्काच्या बेटांवर तिचा वापर कमी होत गेला. हे कसं काय, ते पाहू.

आधी थोडी ओळख. गॅलिक ही केल्टिक कुळातली भाषा, आयरिशची सख्खी बहीण. उत्तरेकडच्या डोंगराळ हायलँड्समध्ये आणि पश्चिमेच्या बेटांवर ती एकेकाळी घराघरांत होती. १८७२ च्या शिक्षण कायद्याने शाळा सक्तीची केली, पण त्यात गॅलिकचा उल्लेखच नव्हता. बंदी घातली नव्हती, फक्त वगळलं होतं. मूल घरी एका भाषेत बोलायचं आणि अक्षरं दुसऱ्याच भाषेत गिरवायचं. पुढे जायचं तर इंग्रजीच, हे आईवडिलांच्या मनात पक्कं बसलं.

मग बदल कुठून सुरू झाला? राजधानीतून नव्हे, बेटांवरून. १९७३ मध्ये स्काय बेटावर शेतावरच्या एका जुन्या कोठारात गॅलिक कॉलेज उभं राहिलं. १९७५ मध्ये पश्चिम बेटांची स्वतःची स्थानिक परिषद आली आणि तिने द्विभाषिक धोरण स्वीकारलं. १९८५ मध्ये ग्लासगो आणि इन्व्हरनेस इथे गॅलिक माध्यमाचे प्राथमिक वर्ग सुरू झाले. २००५ चा गॅलिक भाषा कायदा आला तो या सगळ्यानंतर. त्याने गॅलिक मंडळाला वैधानिक पाया दिला आणि सरकारी संस्थांकडून 'गॅलिक आराखडा' मागण्याचा अधिकार त्या मंडळाला मिळाला. या कायद्यातले शब्द बारकाईने वाचण्यासारखे आहेत. तिथे इंग्रजीइतका 'आदर' म्हटलंय, 'हक्क' नाही. आदर पाटीवर दाखवता येतो. हक्क असेल तर सरकारी खिडकीवरच्या माणसाला त्या भाषेत उत्तर द्यावं लागतं.

आता आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत गॅलिक बोलू शकणारे सुमारे ५७ हजार होते, २०२२ मध्ये ते सुमारे ६९ हजार ७०० झाले. वाढ झाली, छान! पण याच काळात पश्चिम बेटांवर गॅलिक बोलू शकणाऱ्यांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आलं. जिथे गॅलिक बहुसंख्यांची होती, तिथेच ती निम्म्याखाली गेली.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात : 'भाषा येणारी माणसं' आणि 'भाषा जगणारं गाव'. ग्लासगोमधलं मूल शाळेत उत्तम गॅलिक शिकतं, पण सुट्टी झाली की मित्रांशी इंग्रजीत बोलण्याची शक्यता जास्त. बेटावर मात्र दुकान, बोट, प्रार्थनामंदिर, शेजारपाजार हे सगळं गॅलिकमध्ये चालायचं. तिथली तरुण मंडळी नोकरीसाठी बाहेर पडतात आणि घरांच्या किमती सुट्टीपुरती घरं घेणाऱ्यांमुळे वाढतात. मग शेजारच बदलतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने हाच इशारा दिला होता : रोजच्या व्यवहारातली गॅलिक दहाएक वर्षांत संपू शकते. म्हणजे भाषेचं धोरण फक्त शिक्षण खात्याचं काम उरत नाही. घरं, रोजगार आणि बोटीचं वेळापत्रक हेही भाषेचंच धोरण ठरतं.

स्थानिक पातळीवर काय करता येतं, याचं एक साधं उदाहरण. २०२० मध्ये बेटांच्या परिषदेने पहिलीचा प्रवेश मुळात गॅलिक माध्यमात धरायचं ठरवलं. इंग्रजी माध्यम हवं असेल तर पालकांनी तसं सांगायचं. निवड दोन्हीकडे तीच, फक्त अर्ज करण्याचं ओझं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलं.

२०२५ च्या स्कॉटिश भाषा कायद्याने गॅलिकला (आणि स्कॉट्सलाही) थेट अधिकृत दर्जा दिला. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी तरतूद मात्र दुसरीच आहे. स्थानिक परिषदा आता 'भाषिकदृष्ट्या महत्त्वाचे क्षेत्र' ठरवू शकतात. कायदा पहिल्यांदाच 'कोणती भाषा' याबरोबर 'कोणतं गाव' हेही विचारू लागला. त्यामागे पैसा आणि माणसं उभी राहिली तरच तिचा उपयोग.

आपल्या गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्यावर अजूनही वाद चालतो : देवनागरी कोंकणी, रोमी कोंकणी, मराठी. दर्जाचा प्रश्न खोटा नाही, वगळलं जाण्याचं दुःख १८७२ च्या त्या मुलांनाही होतंच. पण दर्जा मिळाल्यावर संध्याकाळी वाड्यावर पोरं खेळताना कुठल्या भाषेत भांडतात, हेही मोजायला हवं.

चर्चेसाठी प्रश्न :
१. 'समान आदर' आणि 'समान हक्क' यांत व्यवहारात काय फरक पडतो?
२. बोलणाऱ्यांची संख्या वाढूनही भाषिक समाज का आक्रसतो?
३. आपल्या पंचायतीने भाषेसाठी एकच गोष्ट करायची ठरवली, तर ती कोणती असावी?