'रिक्वेस्ट' आणि त्यामागचा 'फॉर'

इंग्रजी साहित्यावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे प्रारंभीच सांगून टाकते. शेक्सपिअर, कीट्स यांच्यावर लिहिणारे आमच्या वर्गात आहेत, त्यांनी लिहावे. मी लिहिणार आहे एका शब्दावर. पहिला रजेचा अर्ज इंग्रजीतून लिहिला त्या दिवसापासून तो आपल्यासोबत आहे. तो शब्द म्हणजे 'रिक्वेस्ट'. नाम म्हणून तो कसा चालतो आणि क्रियापद म्हणून कसा चालतो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय. वाचकांना विषय लहान वाटेल, पण या शब्दाने मला दोनदा मान खाली घालायला लावली आहे.

आमच्या घरात इंग्रजी शिकलेली मी पहिली. वडील मार्केट यार्डात हमाली करतात, आई रोजाने खुरपायला जाते. मी दहावी झाले आणि आमच्या आळीची अर्ज लिहिणारी झाले. चुलते, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, एका कंपनीत आहेत; तिथे कागद इंग्रजीत लागतो. त्यांच्या रजेचा अर्ज मी पहिल्यांदा लिहिला तेव्हा वाक्य होते, 'आय रिक्वेस्ट फॉर फोर डेज लीव्ह.' रजा मंजूर झाली. मग शेजारचे आले, त्यांचे मेहुणे आले. दोन-अडीच वर्षांत मी किती अर्जांत हे वाक्य घातले असेल याची मोजदाद नाही. रजा मिळत होत्या, म्हणजे वाक्य बरोबर असणार, असा माझा साधा हिशेब होता.

प्रथम वर्षाला असताना परीक्षेचा फॉर्म भरायला मला उशीर झाला. मुदत वाढवून मिळावी म्हणून अर्ज लिहिला. तो आमच्या सरांच्या शिफारशीने पुढे जायचा होता. सरांनी सही केली, पण सहीपूर्वी 'रिक्वेस्ट'नंतरच्या 'फॉर'भोवती तांबड्या शाईने एक वर्तुळ काढले. बोलले काही नाहीत. मी समजले, हा 'फॉर' वाईट आहे. पुढल्या अर्जात मी सावध झाले आणि लिहिले, 'काइंडली कन्सिडर माय रिक्वेस्ट परमिशन.' या वेळी सरांनी दोन शब्दांमध्ये खूण करून तोच 'फॉर' परत आणून बसवला! मी बाहेर येऊन व्हरांड्यात उभी राहिले. एकदा काढायचा, एकदा घालायचा. मग नियम तरी काय? आणि मनात दुसरे आले ते अधिक टोचणारे होते. आळीतल्या त्या सगळ्या अर्जांचे काय? ती माणसे माझ्या भरवशावर खाली सही, नाहीतर अंगठा उठवून गेली होती.

सरांना विचारायचे धाडस तेव्हा झाले नाही. ग्रंथालयात गेले. इंग्रजी-मराठी कोशात 'रिक्वेस्ट'पुढे दोन अर्थ दिलेले होते: विनंती; विनंती करणे. अर्थ मला ठाऊकच होता. शब्द वाक्यात कसा बसवायचा, हे त्या कोशात नव्हते. ते मला सापडले हॉर्न्बी यांच्या कोशात. हे गृहस्थ १९२० नंतरच्या दशकात जपानमध्ये इंग्रजी शिकवायला गेले. जपानी मुलांना शब्दाचा अर्थ येतो, पण वाक्य येत नाही, अशा मुलांसाठीच त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कोश केला. तो प्रथम टोकियोत १९४२ साली निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने काढला. इंग्रजी क्रियापदे वाक्यात कशी बसतात याचे साचेच त्यांनी पाडून दिले होते. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलले जात नाही त्यांच्यासाठी इतक्या दूर कुणी असा ग्रंथ केला, याचे मला फार बरे वाटले.

आता मूळ मुद्दा. 'रिक्वेस्ट' नाम असेल तर मागितलेल्या वस्तूपूर्वी 'फॉर' हवा: 'माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह', 'ए रिक्वेस्ट फॉर हेल्प'. हेच क्रियापद असेल तर वस्तू थेट कर्म होते, मध्ये कुणी लागत नाही: 'आय रिक्वेस्ट लीव्ह.' माणसाला विनंती करायची तर 'आय रिक्वेस्ट यू टु ग्रँट मी लीव्ह.' तिसरा प्रकार 'दॅट' घालून होतो: 'आय रिक्वेस्ट दॅट ही बी ग्रँटेड लीव्ह.' इथे 'इज' न येता नुसता 'बी' येतो. तो पहिल्यांदा वाचताना छापण्यातली चूक वाटते, पण चूक नव्हे. नामाबरोबर क्रियापद लागते ते 'मेक': 'शी मेड ए रिक्वेस्ट.' आपण 'विनंती केली' म्हणतो म्हणून तिथे 'डिड' घालू नये.

नियम एवढाच आहे. तो पाठ करायला पाच मिनिटे लागतात. पण चूक होते का, याचा विचार मला जास्त करावासा वाटला. आपल्या मराठीत 'विनंती' हे नाम आहे. त्याचे क्रियापद करायचे तर 'करणे' जोडावे लागते. 'विनवणे' हे स्वतंत्र क्रियापद आपल्याजवळ आहे, पण ते देवाजवळ चालते, कचेरीत चालत नाही. चर्चा करणे, मागणी करणे, अर्ज करणे, फोन करणे, सगळीकडे काम 'करणे'ने करायचे आणि नामाने नाम राहायचे. नामापासून थेट झालेली क्रियापदे मराठीत नाहीत असे नव्हे. राग-रागावणे, हात-हाताळणे, लाथ-लाथाडणे, अनुभव-अनुभवणे ही आहेतच. परंतु तिथे शब्दाचे रूप बदलते आणि नाम संपून क्रियापद सुरू झाल्याचे डोळ्यांना दिसते. इंग्रजीत 'रिक्वेस्ट' तो 'रिक्वेस्ट'च. काही जोड्यांत उच्चार तरी सांगतो: 'परमिट', 'ऑब्जेक्ट' या शब्दांत नामाला आघात पहिल्या अवयवावर, क्रियापदाला दुसऱ्यावर, 'अ‍ॅडव्हाइस' नाम, 'अ‍ॅडव्हाइझ' क्रियापद. 'रिक्वेस्ट'ला ही सोय नाही. 'माय'नंतर बसला तर नाम आणि 'आय'नंतर बसला तर क्रियापद, हे जागेवरूनच ओळखायचे.

त्यात भर म्हणजे आपण हा शब्द मराठीत घेतला आहे तो फक्त नाम म्हणून. 'मी साहेबांना रिक्वेस्ट केली' असे आळीतल्या आज्याही म्हणतात. विनंती स्त्रीलिंगी म्हणून रिक्वेस्टही स्त्रीलिंगी झाली. म्हणजे आपल्या तोंडात 'रिक्वेस्ट' क्रियापद म्हणून कधी बसलेलाच नाही. मग इंग्रजी वाक्यात त्याला क्रियापदाच्या जागी बसवले की तो नामाचे गाठोडे, म्हणजे 'फॉर', काखेत घेऊनच येतो. 'रजेसाठी विनंती करतो' यातला 'साठी' त्याला आणखी ढकलतो. गंमत अशी की 'मागणे' या शब्दाचे नेमके उलट आहे. आपण 'रजा मागतो' म्हणतो, मध्ये काही नाही. पण इंग्रजी 'आस्क'ला वस्तूपूर्वी 'फॉर' लागतो, 'आय आस्क्ड फॉर लीव्ह.' जिथे आपल्याकडे 'साठी' आहे तिथे त्यांच्याकडे नाही, जिथे त्यांच्याकडे आहे तिथे आपल्याकडे नाही. मनातल्या मनात भाषांतर करून लिहिणाऱ्याची फसगत दोन्हीकडे होते.

ही किल्ली हाती आल्यावर मी वही घेऊन बसले, तेव्हा एकामागून एक भावंडे निघू लागली. 'डिमांड' नाम असेल तर 'डिमांड फॉर वॉटर', क्रियापद असेल तर नुसते 'डिमांड वॉटर'. 'लॅक ऑफ रेन', पण 'वी लॅक रेन'. 'ए व्हिजिट टु पैठण', पण 'वी व्हिजिटेड पैठण'. 'स्ट्रेस ऑन ग्रामर', पण 'ही स्ट्रेस्ड ग्रामर'. 'डिस्कशन'ला 'अबाउट' चालतो, 'डिस्कस'ला नाही. या शेवटच्या शब्दाचे मला हसू आले. प्रश्नपत्रिकेत 'डिस्कस द कॉजेस' असे स्वच्छ छापलेले असते, 'आन्सर द फॉलोइंग क्वेश्चन्स' असते. तिथे 'अबाउट' नाही की 'टु' नाही. दरवर्षी आपण ती वाक्ये धडधडत्या छातीने वाचतो आणि उत्तराच्या पहिल्याच ओळीत 'डिस्कस अबाउट' लिहून येतो.

मात्र ही किल्ली सगळ्या कुलपांना लागत नाही, हेही नमूद केले पाहिजे. 'रिप्लाय'ला नाम असो की क्रियापद, पत्रापूर्वी 'टु' हवाच. त्याचा सख्खा भाऊ 'आन्सर' मात्र क्रियापद झाला की 'टु' टाकून देतो. 'होप'ला दोन्हीकडे 'फॉर'. आणि 'सर्च'ची तर तऱ्हाच न्यारी. क्रियापदाला 'फॉर' लावला तर एक अर्थ, न लावला तर दुसरा. पोलिसांनी 'सर्च्ड द हाउस' म्हटले तर घराची झडती घेतली. 'सर्च्ड फॉर द हाउस' म्हटले तर बिचारे घरच शोधत गल्लोगल्ली फिरले. तेव्हा प्रत्येक शब्द कोशात पाहावा लागतो. याला दुसरा उपाय मला मिळालेला नाही.

माझी एक वर्गमैत्रीण म्हणाली, "अगं, साऱ्या हिंदुस्थानात 'रिक्वेस्ट फॉर' लिहितात. रजा मिळते ना? मग तुझा त्रास कशाला?" तिचे म्हणणे मी झटकून टाकू शकले नाही. नानांची रजा त्या 'फॉर'मुळे अडली नव्हती. अर्थ कळला म्हणजे भाषेचे पुष्कळसे काम झाले, हे खरेच. परंतु ज्याच्या घरात तीन पिढ्या इंग्रजी आहे त्याच्या लेखणीतून असा 'फॉर' गेला तर लोक त्याला घाईची चूक म्हणतात. माझ्या कागदावर दिसला तर माझे घर दिसते. तांबडे वर्तुळ पाहताना मला तेच वाटले होते. सरांचा तसा हेतू नव्हता, हे आता कळते. पुढे मी त्यांच्याकडे वही घेऊन गेले तेव्हा त्यांनी दोन तास बसवून घेतले आणि वरच्या 'सर्च'चे उदाहरण त्यांनीच दिले.

असो. यंदा नानांना पुन्हा रजा हवी होती. मी नवा अर्ज लिहिला. नाना इंग्रजी अक्षरे जुळवून वाचतात. त्यांनी बोट फिरवले, थांबले आणि म्हणाले, "यात ते फॉर न्हाई दिसत."

"नाना, ते चुकीचं होतं. मी काढलं."

"चुकीचं कसं? मागच्या टायमाला फॉर होतं, रजा मिळाली. त्याच्या आधी होतं, तवाबी मिळाली. आता तू काढतीस आन् रजा न्हाई मिळाली तर?"

यावर माझ्याजवळ कोणत्याही कोशातले उत्तर नव्हते. शेवटी मी कागद पुन्हा लिहिला: 'आय रिक्वेस्ट यू टु ग्रँट मी लीव्ह फॉर फोर डेज.' इथला 'फॉर' मुदतीचा, व्याकरणाला पूर्ण मान्य. नानांनी बोट ठेवून तो शोधला, दोनदा वाचला, आणि कागदाची घडी करून खिशात घातली.