दिवेलागणीला ‘मला घरी जायचंय’

प्रश्न : सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. रोज संध्याकाळी ‘मला घरी सोडा’ म्हणत दाराची कडी काढतात. ‘हेच तुमचं घर’ म्हटलं की चिडतात. काय करावं?

उत्तर : पटवून देऊ नका. त्या बहुधा माहेर शोधताहेत, तिथली निर्धास्तता शोधताहेत. ‘घरी कोण कोण असायचं?’ विचारा, बोलू द्या, बोलता बोलता मेथीची जुडी निवडायला द्या. अंधारून येण्याआधीच दिवे लावा. सावल्यांनी गोंधळ वाढतो. ही तगमग एक-दोन दिवसांत अचानक वाढली, तर मात्र लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता किंवा नवं औषध कारण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि स्पष्टच सांगते, आठवड्यातल्या काही संध्याकाळी तरी तुमच्या यजमानांनी सांभाळायला हव्यात.