जीआयएस शिकवायचंय? हिशेब आधी मांडा

विद्यापीठात जीआयएस आणि नकाशाशास्त्र शिकवायचं ठरवलेली मुलं पहिला प्रश्न फीचा विचारतात. त्यांचे पालकही तोच विचारतात. पण या वाटेवर फी हा त्यामानाने छोटा खर्च आहे. घर जेरीस येतं ते बिनपगारी जाणाऱ्या वर्षांनी, आणि ती वर्षं किती जातील हे पदव्या आणि परीक्षांच्या क्रमावर बरंच अवलंबून असतं.

एम.एस्सी. जिओइन्फर्मॅटिक्स सरकारी विद्यापीठाच्या विभागातून केलं, तर दोन वर्षांच्या फीपेक्षा पुण्या-मुंबईत राहण्या-जेवण्याचाच खर्च जास्त होतो. खासगी संस्थेत तोच अभ्यासक्रम काही लाखांत जातो. पैसे भरण्याआधी एक गोष्ट तपासा. सहायक प्राध्यापक होण्यासाठी यूजीसीच्या नियमानुसार संबंधित किंवा संलग्न विषयात पदव्युत्तर पदवीला 55 टक्के गुण लागतात (अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी आणि दिव्यांगांना 5 टक्के सवलत आहे). महाविद्यालयांच्या जाहिरातींत मात्र जागा बहुतेक 'भूगोल' या नावाने निघते. तुमची जिओइन्फर्मॅटिक्सची पदवी भूगोलाला संलग्न मानायची की नाही, हे छाननीच्या टेबलावर ठरतं. म्हणून बी.ए. किंवा बी.एस्सी. भूगोलात केलेलं असेल तर बाजू भक्कम होते. संगणकशास्त्राची पदवी घेऊन थेट जिओइन्फर्मॅटिक्सकडे वळणाऱ्यांनी हे प्रवेशाआधीच विभागप्रमुखांना विचारावं, आणि उत्तर ई-मेलवर लेखी घ्यावं.

प्राध्यापकपदाच्या नेट या पात्रता परीक्षेतही जिओइन्फर्मॅटिक्सचा वेगळा पेपर नाही. भूगोलाचाच पेपर द्यावा लागतो आणि त्यात रिमोट सेन्सिंग-जीआयएस हा एका घटकाचा भाग असतो. बाकी भूरूपशास्त्र, हवामान, लोकसंख्या, वस्ती, भौगोलिक विचार हे सगळं करावंच लागतं. दोन वर्षं फक्त सॉफ्टवेअरवर बसलेली हुशार मुलं इथे अडखळतात.

आता आकडे बघा. नेटचं शुल्क खुल्या गटाला 1,150 रुपये, ईडब्ल्यूएस आणि नॉन-क्रीमीलेअर ओबीसींना 600, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना 325. परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सत्रात होते आणि एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातही देता येते. त्यात जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती, मिळाली तर पीएच.डी. करताना पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढची तीन वर्षं 42,000 रुपये मिळतात. बेरीज केली तर पाच वर्षांचे 24 लाख होतात, घरभाडं भत्ता वेगळा. या सगळ्या वाटेवर एवढा मोठा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. जेआरएफसाठी वयाची मर्यादा 30 वर्षं आहे. महिलांना आणि राखीव गटांना 5 वर्षांची सूट मिळते. म्हणून 'आधी पीएच.डी.ला नाव घालू, नेटचं नंतर बघू' हा बेत मला अजिबात पटत नाही. जेआरएफ हुकलीच, तर बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आपापल्या समाजगटांसाठी आहेत. त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवा.

महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि भूगोलाचा पेपर मराठीतूनही देता येतो. पात्रता मिळते, पण अधिछात्रवृत्ती नाही. दोन्ही परीक्षा द्या.

इंजिनिअरिंगवाल्यांचा रस्ता निराळा. 2022 पासून गेट या परीक्षेत जिओमॅटिक्स इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे. गेटच्या गुणांवर एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन, म्हणजे दोन वर्षांत जवळपास तीन लाख. मुंबई आयआयटीतलं सीएसआरई हे केंद्र याच विषयाचं आहे. इथली मेख अशी, की काही एम.टेक. अभ्यासक्रम एम.एस्सी.वाल्यांनाही घेतात, पण इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला एआयसीटीई बी.ई. आणि एम.ई. अशा दोन्ही पदव्या मागते. एम.एस्सी.नंतर एम.टेक. केलेला माणूस तिथे अडकतो.

सॉफ्टवेअरच्या नावाखाली मात्र कुणी तुम्हाला लुबाडू नये. क्यूजीआयएस फुकट आहे आणि संशोधनाला पुरतं. लँडसॅटची चित्रं 2008 पासून मोफत आहेत, सेंटिनेल-2 ची 10 मीटर तपशिलाची चित्रंही मोफत. डेहराडूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम विनाशुल्क चालवते. हजारो रुपये घेऊन 'जीआयएस सर्टिफिकेट' देणाऱ्या क्लासकडे जाण्याआधी ते पाहा. खर्च करायचाच तर 16 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर करा, साठ ते ऐंशी हजारांत तो येतो. क्षेत्रभेटींचा प्रवास आणि मुक्काम धरा. अचूक मोजणीचं डीजीपीएस यंत्र विकत घेऊ नका, विभागाकडून मागून घ्या.

पेपर छापून देतो म्हणणाऱ्यांना एक पैसाही देऊ नका. यूजीसीच्या 2022 च्या पीएच.डी. नियमांत प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली गेली (तुमच्या विद्यापीठाची अट मात्र पाहून घ्या), आणि यूजीसीची जर्नलांची 'केअर' यादी 2025 मध्ये बंद झाली. 'यूजीसी मान्य जर्नल' म्हणून येणारे मेसेज निव्वळ विक्रीसाठी असतात.

यानंतरचा काळ सगळ्यात अवघड. कायम जागेचं मूळ वेतन 57,700 रुपये, त्यावर महागाई भत्ता वगैरे. तिथवर पोचेपर्यंत बहुतेक जण सीएचबीवर, तासिका तत्त्वावर शिकवतात. शिकवलेल्या तासांचेच पैसे, तेही महिनोन्‌महिने रखडणारे, आणि सुट्टीत काही नाही. शिवाय यूजीसीचा नियम असा, की कायम प्राध्यापकाएवढा पगार नसलेली तात्पुरती सेवा पुढे बढतीसाठी धरली जात नाही. म्हणून सीएचबी किती वर्षं करायची हे आधीच ठरवा. मी दोन सांगेन. त्या काळात एखाद्या नकाशा-कंपनीत किंवा नगरपालिकेच्या सर्वेक्षण प्रकल्पात काम मिळालं तर घ्या. विद्यार्थ्यांना पुढे तेच अनुभव शिकवायचे आहेत.

प्रत्येक अर्जामागे शुल्क, कागदपत्रांच्या झेरॉक्सचे संच, स्पीड पोस्ट, मुलाखतीचा प्रवास असे काही हजार जातात, ते धरून ठेवा. जागेसाठी कुणी लाखांची बोली सांगितली, तर तो खर्च हिशेबात धरायचाच नाही. अनुदानित संस्थेत अशी मागणी झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा टोल फ्री क्रमांक आहे. मागणी कुणी, कधी, कशी केली याची नोंद ठेवा आणि पैसे देण्याआधी तक्रार करा.