पानगळ सरताना बागेत कोणती कामे करावी?

पंचांगानुसार वसंत ऋतूचा आरंभ चैत्रात होतो. परंतु बागेतील वसंत त्याआधीच, माघ-फाल्गुनात सुरू झालेला असतो. झाडे जुनी पाने टाकतात, फांद्यांच्या टोकांना कोवळी फूट दिसू लागते आणि आंब्याला मोहोर येतो. थंडीची ओसर व कडक उन्हाचा प्रारंभ यांमधील हा अवधी जेमतेम चार ते सहा आठवड्यांचा असतो. तो हातचा गेल्यास पुढील उन्हाळ्यात कितीही पाणी घातले, तरी ती उणीव सहसा भरून निघत नाही. तेव्हा या दिवसांत तुम्ही काय करावे?

पेरणीची वेळ का सांभाळावी?

भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारली व दुधी भोपळा यांच्या बियांना उबदार माती लागते. थंड मातीत त्या रुजत नाहीत, कुजतात. याउलट पेरणी लांबल्यास फुले येण्याच्या सुमारास पारा ४० अंशांवर जातो व फुले गळतात. शिवाय, अतिउष्णतेत वेलींवर नरफुलेच अधिक येतात, त्यामुळे फळे कमी धरतात. महाराष्ट्रात जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ही पेरणी उरकणे हिताचे ठरते. दिल्ली व उत्तरेकडील मैदानी प्रदेशात राहणाऱ्या वाचकांनी मात्र थंडी ओसरेपर्यंत, म्हणजे साधारणतः फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थांबावे.

भेंडी व कारल्याचे बी रात्रभर पाण्यात भिजवून पेरा. वेलभाज्यांसाठी आळे करून त्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळा. प्रत्येक आळ्यात दोन-तीन बिया टोचा व रोपे वर आल्यावर सशक्त तेवढीच ठेवा. वेळेवर पेरलेली भेंडी सुमारे दीड महिन्यात तोडणीस येते.

छाटणी कशाची करावी आणि कशाची टाळावी?

मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटीवरच येतात. यास्तव त्याची छाटणी थंडी सरतासरता करणे अगत्याचे आहे. काही दिवस पाणी तोडा, मग झुडूप गुडघाभर उंचीवर छाटा, वाळलेल्या काड्या काढून टाका, बुंध्याभोवतीची माती हलकेच उकरा आणि खत घालून पाणी द्या. गुलाबाची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे त्याची मुख्य छाटणी पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या सुमारास होते. उन्हाच्या तोंडावर त्याच्या फांद्या खोलवर कापल्यास कोवळी फूट होरपळते. म्हणून आता केवळ सुकलेली फुले काढणे पुरे.

आंब्याच्या मोहोराविषयी कोणती दक्षता घ्यावी?

अंगणात आंबा असल्यास मोहोराकडे जवळून पाहा. पांढरट भुकटी दिसल्यास तो भुरी रोग होय. पाने चिकट लागल्यास तुडतुड्यांचा संशय घ्या. परंतु मोहोर पूर्ण उमललेला असताना कीटकनाशक फवारू नका. माश्या व मधमाश्या त्याच वेळी परागीभवन करत असतात. त्यांचा नाश झाल्यास फळे धरणार तरी कशी? त्याचप्रमाणे, मोठ्या झाडाला ऐन मोहोरात भरपूर पाणी देऊ नये. फळे वाटाण्याएवढी झाल्यावर द्यावे.

उन्हाळ्याच्या पाण्याची तरतूद आजच करा

अनेक गावांत व शहरांत एप्रिल-मे महिन्यांत पिण्याच्याच पाण्याची टंचाई भासते. मग बागेला कोठून मिळणार? याचे उत्तर तुमच्या पायांखालीच पडलेले आहे. गळालेला पाचोळा जाळू नका. त्याचा तीन-चार बोटे जाडीचा थर झाडांभोवती पसरा. त्यामुळे मातीतील ओल लवकर उडत नाही, तण कमी उगवते आणि पुढे पाने कुजून खतही होते. हा थर बुंध्याला मात्र चिकटू देऊ नका, अन्यथा साल कुजण्याचा धोका असतो.

दुसरा उपाय जुना व स्वस्त आहे. साधे, न रंगवलेले मातीचे मडके झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा व झाकण ठेवा. पाणी हळूहळू पाझरून थेट मुळांपाशी पोचते. भाज्या व तांदूळ धुतलेले पाणीही बागेत वापरता येते.

पुढील हंगामासाठी बी राखा

मेथी व कोथिंबिरीची सर्व रोपे उपटू नका. काही सुदृढ रोपे फुलू द्या. बी पूर्ण पक्व झाल्यावर सावलीत वाळवा, कोरड्या डब्यात भरा आणि त्यावर नाव व वर्ष लिहून ठेवा.

यांतील कोणत्याही कामाला मोठा खर्च येत नाही. हवी असते ती वेळेवरची दृष्टी. आज सायंकाळीच तुमच्या बागेतून, अथवा सज्जातील चार कुंड्यांपासून, एक फेरी मारा व कोणते काम प्रथम करावयाचे ते ठरवा.

उजळणीसाठी प्रश्न

१. उन्हाळी भाज्यांची पेरणी फार लवकर किंवा फार उशिरा केल्यास काय होते?
२. मोगरा व गुलाब यांच्या छाटणीची वेळ वेगवेगळी का आहे?
३. पाचोळ्याचा उपयोग तुम्ही आपल्या बागेत कसा कराल?